‘चार सुताचा नट द्या’ एवढ्याने भागत नाही

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा नाद इंदुरात अलीकडे चांगलाच वाढला आहे, आणि आपल्या पत्रात त्याविषयी अधूनमधून कौतुकाने छापूनही येते. आयुष्यभर लेथवर उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते वाचून आनंदच होतो. परंतु या कौतुकात टाकीचा रंग, क्रोमची चमक आणि इंजिनाचा ठोका यांनाच जागा मिळते. चाक ज्या स्पिंडलवर फिरते त्याच्या टोकाचा नट कसा निवडला, कुठून आणला आणि तो त्या आट्याचा, म्हणजे त्या पेचाच्या खाचांचा आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. हा नट चुकीचा असेल तर बाकीच्या दुरुस्तीवर केलेला खर्च गाडीला सुरक्षित करीत नाही. म्हणून या एकाच विषयावर सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्याकडे नट मागण्याची रीत अशी आहे की सियागंजच्या हार्डवेअर बाजारात दुकानासमोर उभे राहायचे आणि चार सुताचा किंवा साडेचार सुताचा नट मागायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच. दुकानदार पेटीतून एक नट काढून देतो आणि त्यात त्याची काही चूक नसते, कारण त्याला जेवढे सांगितले तेवढेच त्याने दिले. परंतु चार सूत हा केवळ व्यास झाला. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर दर इंची १२ आटे असतील तर तो जाड व्हिटवर्थ, १३ असतील तर अमेरिकन पद्धतीचा जाड युनिफाइड, १६ असतील तर ब्रिटिश बारीक म्हणजे बीएसएफ, २० असतील तर युनिफाइड बारीक म्हणजे यूएनएफ अथवा सायकल आटा, आणि २६ असतील तर सायकल आटाच. बाहेरून सारखे दिसणारे हे सगळे नट ‘चार सुताचे’ असतात. जुन्या ब्रिटिश गाडीच्या स्पिंडलला लागणारा नट त्यांपैकी बहुधा शेवटच्या दोहोंपैकी असतो, आणि साध्या हार्डवेअरच्या दुकानात तोच सहसा नसतो.

हा गोंधळ कुणाच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. त्यामागे सरळ इतिहास आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचा, टोके आणि बूड गोलाकार असलेला आटा सुचवला आणि पुढे तो ब्रिटनभर रूढ झाला. तो यंत्रांच्या बैठकींना आणि ओतीव लोखंडाला उत्तम, परंतु पातळ नळ्यांवर कापायला फार खोल. बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री परिसरातील सायकल उद्योगाला उथळ आणि बारीक आटा हवा होता, कारण हबमधल्या बेअरिंगच्या ‘कोन’ची (शंकूच्या आकाराच्या भागाची) ढिलाई नटाच्या अर्ध्या-पाव फेऱ्याने जुळवावी लागते आणि नळीच्या भिंतीत खोल खाच परवडत नाही. १९०२ मध्ये सायकल इंजिनियर्स इन्स्टिट्यूटने ६० अंशांचा, बहुतेक मापांना दर इंची २६ असा आटा ठरवला. मोठ्या व्यासांसाठी २० आट्यांची मालिकाही पुढे वापरात आली. मोटारसायकल ही सायकलच्याच कारखान्यांतून जन्मलेली असल्यामुळे बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, रॉयल एन्फिल्ड या सर्वांच्या चाकांत हा आटा वारशाने आला. बीएसएफ हा १९०८ चा, कोन व्हिटवर्थचाच, फक्त दोन आट्यांमधले अंतर बारीक. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटे ठरवले. तरीही ब्रिटिश मोटारसायकलवाल्यांनी सायकल आटा सोडायला साठच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. त्यामुळे एकाच गाडीवर तीन-तीन पद्धतींचे आटे सापडतात आणि त्यात काहीही नवल नाही.

आपल्या देशात यात आणखी एक थर चढला. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर देश टप्प्याटप्प्याने मेट्रिक झाला, पण १९५५ पासून मद्रासला बांधली जाणारी बुलेट ब्रिटिश आराखड्याचीच होती. तिच्यावर इंची आटे दीर्घकाळ राहिले आणि पुढे मेट्रिकही मिसळत गेले. म्हैसूरची जावा आणि नंतरची येझदी मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या घराण्यातली, राजदूत मूळ पोलंडच्या आराखड्याची. त्यांची मापे आरंभापासून मेट्रिक. महूच्या छावणीमुळे आपल्या भागात लष्करी वापरातल्या जुन्या गाड्यांविषयी विशेष आस्था आहे, आणि अशा गाड्यांचे मालक मला पहिला प्रश्न विचारतात तो हा की अमुक साली अमुक मॉडेलला कोणता नट लागतो. मी या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळतो. साठ-सत्तर वर्षांत त्या गाडीच्या चाकाने किती मालक, किती मिस्त्री आणि किती खराद पाहिले, याचा हिशेब कुणाकडे नसतो. पुस्तकात सायकल आटा लिहिलेला असतो आणि गाडीवर कुणीतरी ऐंशीच्या दशकात बनवून बसवलेला मेट्रिक स्पिंडल असतो. गाडीचे पुस्तक जरूर पाहावे, पण नट हातातल्या स्पिंडलचा घ्यावा.

मोजण्याची सुरुवात व्यासापासून करावी आणि ती व्हर्नियरने करावी. पट्टीने व्यास मोजू नये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ७/१६ म्हणजे ११.११, ९/१६ म्हणजे १४.२९, ५/८ म्हणजे १५.८८ आणि ३/८ म्हणजे ९.५३. प्रत्यक्षात मात्र व्हर्नियर याहून थोडे कमीच दाखवते, कारण बाहेरचा आटा मुळात किंचित कमी कापतात आणि वर्षानुवर्षांची झीज त्यात मिळते. १२.५ किंवा १२.६ दिसले म्हणून तो साडेबारा मिलिमीटरचा कुठलासा खास स्पिंडल आहे असे समजू नये. मोजण्याची जागाही महत्त्वाची आहे. स्पिंडलचे अगदी टोक हातोडीने ठोकून फुगलेले असते आणि नट जिथे बसतो तिथला भाग ताणाने दबलेला असतो. खरे माप त्याच्या आत, जिथवर नट कधी पोहोचलाच नाही अशा दोन-चार आट्यांवर मिळते. ठोकून फुगलेल्या टोकामुळे आणखी एक गैरसमज होतो. योग्य नटसुद्धा पहिल्या आट्यावरच अडतो आणि मिस्त्री म्हणतो, ‘इसकी चूड़ी अलग है’. अशा वेळी बारीक तिकोनी कानशीने पहिला आटा साफ करून मग निर्णय द्यावा.

व्यासानंतर अंतर. थ्रेड गेज म्हणजे पातळ पात्यांचा जुडगा असेल तर उत्तमच, पण तो इंची आणि मेट्रिक दोन्ही असावा आणि त्यात २६ चे पाते असावे. स्वस्त जुडग्यांत ते हमखास नसते. पाते आट्यांत बसवून स्पिंडल उजेडासमोर धरावा. कुठूनही प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. गेज नसेल तर पोलादी पट्टी आट्यांवर टेकवून अर्ध्या इंचात किती अंतरे बसतात ते मोजावे: १० बसली तर दर इंची २०, १३ बसली तर २६, ८ बसली तर १६. येथे टोके मोजू नयेत, टोकांमधली अंतरे मोजावीत. पहिले टोक शून्य धरले नाही की नेमकी एकाची चूक होते आणि २० चे २२ होतात. उथळ, झिजलेल्या आट्यावर डोळा फसत असेल तर कागदावर थोडा कार्बन घासून त्यावरून स्पिंडल न घसरवता लोटावा. रेघा कागदावर उमटतात आणि त्या शांतपणे मोजता येतात.

कोनाविषयी थोडक्यात. ५५ आणि ६० अंशांतला फरक पात्याशिवाय डोळ्याला कळणे कठीण आहे, पण स्पिंडलच्या मापांत व्यास आणि दर इंची आट्यांची संख्या ही जोडी कळली की कोन बहुधा आपोआप ठरतो.

आता जिथे बहुतेकांची फसगत होते त्या मुद्द्याकडे येतो. ‘नट चढला, म्हणजे बसला’ ही आपल्या गॅरेजांतली समजूत अत्यंत घातक आहे. दर इंची २६ आट्यांचे अंतर ०.९७७ मिलिमीटर असते आणि बारीक मेट्रिक आट्याचे १ मिलिमीटर. फरक इतका सूक्ष्म की हाताला कळत नाही. ३/८ इंचाच्या २६ आट्यांच्या स्पिंडलवर १० मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर अंतराचा नट ढिला का होईना, पण चढतो. व्यासातल्या ढिलाईमुळे अंतरातला फरक गिळला जातो, नट पुढे सरकत राहतो आणि शेवटी पान्याला घट्टही लागतो. प्रत्यक्षात तेथे आट्यांची पकड निम्म्याच्या आसपास असते आणि सगळा भार दोन-तीन आट्यांवर येतो.

आमच्या वसाहतीतील एका तरुणाने एक हलकी जुनी ब्रिटिश दोन-स्ट्रोक गाडी अशीच तयार करून घेतली होती. गॅरेजचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्या गॅरेजात काही वेगळे झाले असते असे मला वाटत नाही. थोडे दिवस चालवल्यावर पुढच्या चाकाचा नट वारंवार ढिला होतो म्हणून तो तो नट घेऊन माझ्याकडे आला. मी नट उजेडात धरला तेव्हा आतल्या पहिल्या तीन आट्यांची टोके चकचकीत घासलेली आणि उरलेले आटे काळेच, जणू त्यांना लोखंडाचा स्पर्शही झाला नव्हता. नट टेबलावर आपटताच आट्याची एक बारीक तार वळलेली, स्प्रिंगसारखी बाहेर पडली. ती तार नटाच्या आट्यातून कातली गेली होती. गॅरेजवाल्याने नट ढिला होतो म्हणून त्याखाली स्प्रिंग वॉशर घातला होता आणि वरून आणखी जोर लावला होता. जोराने जे थांबवायचे तेच त्याने लवकर घडवून आणले. या तरुणाला योग्य आटा शेवटी कुठे मिळाला हे सांगण्यासारखे आहे: शेजारच्या सायकलच्या दुकानात. आपल्याकडच्या जुन्या घडणीच्या काळ्या सायकलींच्या मागच्या आसाचा नट ३/८ इंच, २६ आट्यांचाच असतो. मात्र तो नट मऊ लोखंडाचा आणि पातळ असतो, मोटारसायकलच्या चाकावर तो कायमचा लावू नये. आटा ओळखण्यासाठी गेज म्हणून मात्र तो पाच-दहा रुपयांत मिळणारे उत्तम साधन आहे. स्पिंडलवर तो बोटांनी पूर्ण चढला आणि डगडगला नाही, तर आपला आटा कोणता हे ठरले.

अर्ध्या इंचाच्या बाबतीत दैव थोडे अनुकूल आहे. अर्धा इंच २० आट्यांचा सायकल आटा आणि अर्धा इंच २० आट्यांचा यूएनएफ या दोहोंचा व्यास तोच, अंतर तेच आणि कोनही ६० अंशांचाच. फरक टोके-बुडांच्या गोलाईचा. त्यामुळे चांगल्या प्रतीचा यूएनएफ नट येथे चालतो, आणि तो जुन्या ट्रॅक्टर-मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळू शकतो. पण त्याच दुकानात हाताशी असलेला जुन्या जीपच्या चाकाचा नट उचलण्याचा मोह कोणी करू नये. आटा त्याचाही अर्धा इंच २० चाच असतो, पण त्याची बैठक निमुळती असते. फोर्कच्या सपाट टोकावर ती कडेकडेनेच टेकते आणि काही दिवसांत धातू दाबला जाऊन नट सैल होतो. शिवाय जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्याचे असत, ते या स्पिंडलवर चढणारच नाहीत. आणि अर्ध्या इंचाला जुळणारी ही सोय पुढच्या मापाला जुळत नाही: ९/१६ इंचाचा सायकल आटा दर इंची २० चा, तर त्याच व्यासाचा यूएनएफ १८ चा. तिथे अंतर १.२७ विरुद्ध १.४१ मिलिमीटर होते आणि दोन-तीन फेऱ्यांत नट आवळून जातो. जोर लावला तर स्पिंडलच जातो.

पान्यावरून आटा ओळखण्याची सवयही सोडली पाहिजे. जुन्या ब्रिटिश पान्यावरचा आकडा नटाच्या पैलूंमधील माप सांगत नाही, तो बोल्टचा व्यास सांगतो, आणि त्यातही एकाच तोंडावर व्हिटवर्थचा एक आणि बीएसएफचा त्याहून एक पायरी मोठा असे दोन आकडे असतात. सायकल आट्याच्या नटांनाही बहुधा याच मालिकेतले पैलू असतात. यांतली काही मापे योगायोगाने मेट्रिक पान्यांना जुळतात: ३/८ व्हिटवर्थचे तोंड १८ मिलिमीटर भरते, ७/१६ चे २०.८, म्हणजे २१ चा पाना सुबक बसतो. म्हणून २१ चा पाना बसला की नट मेट्रिक, असे गॅरेजात सहज म्हटले जाते आणि पुढचा सगळा शोध चुकीच्या पेटीत होतो. उलट अर्धा इंच व्हिटवर्थचे तोंड २३.४ मिलिमीटर असते, त्यावर २४ चा पाना लावून कोपरे गोल केलेले नट मी शेकड्यांनी पाहिले आहेत. अशा नटावर छिन्नी-हातोडी चालवण्याऐवजी एका पैलूला करवतीने उभी चीर देऊन नट फोडावा. नट दुसरा मिळतो, स्पिंडलचे टोक दुसरे मिळत नाही.

क्रोम आणि जस्ताच्या मुलाम्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण चमकण्याच्या हौसेने तोही घोळ घालतो. ६० अंशांच्या आट्यावर मुलाम्याचा थर जितका चढतो, त्याच्या चौपट आट्याचा परिणामी व्यास वाढतो. २० मायक्रॉनचा थर दिला तर व्यास जवळपास ८० मायक्रॉनने वाढला, म्हणजे काल बोटांनी चढणारा नट आज पहिल्या आट्यावर अडला. मग कोणीतरी ‘टॅप (आतला आटा कापण्याचे हत्यार) मारून घेऊ’ म्हणतो, नट मोठा होतो आणि मुलामा घासल्यावर तोच नट डगडगू लागतो. आट्यांवर टेप गुंडाळून किंवा लाख लावून मगच मुलाम्याला द्यावे. याशिवाय कडक पोलादाच्या स्पिंडलला आम्लात बुडवून इलेक्ट्रोप्लेटिंग केल्यास हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होण्याचा धोका असतो. प्लेटिंगनंतर लगेच तो भट्टीत काही तास तापवायचा असतो. आपल्याकडचे मुलामेवाले हे करतात की नाही, हे विचारून घ्यावे. मला विचाराल तर चाकाच्या स्पिंडलला क्रोम नकोच, तेलाने काळा केलेला पुरे.

योग्य नट बाजारात नसेल तर तो बनवून घ्यावा, आणि इंदुरात हे मुळीच अवघड नाही. पोलोग्राउंड आणि सांवेर रोडवर चांगले टर्नर आहेत. फक्त त्यांना काम नीट सांगता आले पाहिजे. नटासाठी ईएन ८ चे पोलाद मागावे, फ्री कटिंगचा मऊ दांडा नको. ७/१६ व्हिटवर्थ मापाचे पैलू हवे असतील तर कोपऱ्यांमधले माप २४ मिलिमीटर येते, म्हणजे २५ चा गोल दांडा घेऊन त्यावर सहा पैलू कापता येतात. मूळ नटाला फोर्कच्या खाचेत बसणारा खांदा असेल तर तो तसाच हवा, नुसता सपाट नट आणि जाड वॉशर हा त्याला पर्याय नव्हे. उंची व्यासाइतकी किंवा त्याहून किंचित कमी ठेवावी, आणि आवळल्यावर स्पिंडलचे एक-दोन आटे बाहेर दिसावेत. बेअरिंगच्या ‘कोन’ला अडवणारा आतला पातळ नट वेगळा, बाहेरचा भार घेणारा नट वेगळा. या दोहोंची अदलाबदल होता कामा नये.

२६ आटे म्हटले की पुष्कळ टर्नर मान हलवतात, टॅप नाही म्हणतात. टॅप नसला तरी आतला आटा लेथवर ६० अंशांच्या टूलने पाडता येतो. आपल्याकडच्या जुन्या लेथांचा लीड स्क्रू (टूलला पुढे सरकवणारा लांब पेच) बहुधा दर इंची ४ आट्यांचा असतो. २० आट्यांसाठी प्रमाण १ ला ५, ते तर सोपेच. २६ साठी प्रमाण २ ला १३ लागते आणि ते २० व ४० दात्यांची चालकचक्रे आणि ६५ व ८० दात्यांची चालितचक्रे लावून तंतोतंत मिळते. ६५ चे चक्र नेहमीच्या संचात असतेच, धूळ खात पडलेले असते इतकेच. लेथ मेट्रिक लीड स्क्रूचा असेल तर १२७ दात्यांचे चक्र लागते, कारण १२७ म्हणजे २५.४ ची पाच पट. ते नसेल तर जवळपासच्या चक्रांवर भागवू नये. अर्धा इंच २० साठी भोक ११.५ मिलिमीटरचे धरावे आणि शेवटचे दोन कट मूळ स्पिंडल गेज म्हणून घालून पाहत घ्यावेत. झिजलेल्या स्पिंडलला पुस्तकी मापाचा नट ढिला होतो, त्याच्यासाठी मापून घेतलेला नट बरोबर बसतो. पण झीज आट्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोहोचली असेल तर नवा नट शोधणे सोडून नवा स्पिंडल करावा.

जी गोष्ट कुणीही करू नये ती म्हणजे नट मिळत नाही म्हणून स्पिंडलवर दुसरी डाय (बाहेरचा आटा कापण्याचे हत्यार) फिरवणे. १२.७ वर १२ ची मेट्रिक डाय फिरवली की जुन्या आट्याच्या खाचांवर नव्या खाचा तिरक्या पडतात, तळाशी तीक्ष्ण कंगोरे राहतात आणि वाकण्याच्या भाराखाली तडा नेमका तिथूनच सुरू होतो. नट अवघ्या काही रुपयांचा असतो. त्याच्या सोयीसाठी चाकाचा आस कमजोर करणे हा उलटा व्यवहार आहे.

डाव्या आट्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. बीएसएच्या युद्धोत्तर टेलिस्कोपिक फोर्कच्या अनेक मॉडेलांत पुढचा स्पिंडल फोर्कच्या पायात डाव्या आट्याने बसतो. तो ‘जाम झाला आहे’ असे समजून लांब नळी लावून उलट दिशेने आवळत राहिल्याने फोर्कचा पाय फुटतो, आणि तो पाय हल्ली सहजी मिळत नाही. स्पिंडल बाहेर असेल तर तो उभा धरून पाहावा: आटे उजवीकडे चढत असतील तर उजवा, डावीकडे चढत असतील तर डावा. बसवलेला असेल तर जोर लावण्याआधी पुस्तक उघडावे.

आपल्या पत्राद्वारे मला दोन विनंत्या करायच्या आहेत. पहिली सियागंजातील व्यापारी बंधूंना: नटाच्या पेटीवर सुताबरोबर दर इंची आट्यांचा आकडाही खडूने लिहावा. ‘चार सूत, १२’ आणि ‘चार सूत, २०’ एवढे लिहिले तरी गिऱ्हाइकाची निम्मी फेरी वाचेल, आणि दुकानदाराकडे परत येणारे नटही कमी होतील. दुसरी विनंती जुन्या गिरणी-कामगारांच्या कुटुंबांना. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, इतर गिरण्याही एकेक करून थांबल्या, आणि तिथल्या फिटर-टर्नरांच्या हत्यारांच्या पेट्या आजही अनेक घरांत माळ्यावर आहेत. इंची टॅप आणि डाय आता नवे फारसे विकले जात नाहीत. भंगारवाला ते किलोने घेतो. पेटी देऊन टाकण्याआधी प्रत्येक टॅपच्या दांड्यावरची रोमन अक्षरे भिंग लावून पाहावीत. बीएससी, सीईआय (दोन्ही सायकल आट्याचीच लघुनावे) किंवा सायकल असे कोरलेले असेल, अथवा १/२ च्या पुढे २० किंवा २६ हा आकडा असेल, तर तो टॅप भंगारात देऊ नये. शहरातील एखाद्या आयटीआयच्या टर्नर विभागाला किंवा जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एखाद्या होतकरू मिस्त्रीला तो द्यावा, आणि देताना कापडाला तेल लावून गुंडाळून द्यावा, म्हणजे धार टिकेल.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कामगार
रामबाग, इंदूर